पुसायला नऊ तास

१

डिस्क कोरी आहे हे कळलं पावणेनऊला, आणि नऊ वाजायच्या आत गुन्हेगारही ठरला. एरवी त्या ऑफिसात एक कागद या टेबलावरून त्या टेबलावर जायला आठवडा लागतो. माणसावर खापर फोडायचं असलं की मात्र सगळे कसे चपळ होतात.

गुन्हेगार म्हणजे माझी भाची. घरात तिला आम्ही भिंगरी म्हणतो, कारण ती एका जागी दोन मिनिटं बसलेली कुणी पाहिली नाही. तिचा फोन आला तेव्हा मी दुकानाचं शटर नुकतं वर केलं होतं.

"मावशी, दोन वर्षांची मोजमापं गेली गं. पुलाची. सगळी. माझ्याच हातून."

"हातून म्हणजे? काय केलंस नक्की?"

"काल डिस्कचं रूपांतर केलं. जुन्या पद्धतीतून नव्या पद्धतीत. काल सगळं होतं गं. आज डिस्क लावली तर आत काहीच नाही."

"आणि आधी कॉपी काढून ठेवली होतीस ना?"

ती गप्प बसली. मेलेल्या डिस्कमधून लोकांचे फोटो, पत्रं, प्रबंध बाहेर काढायचं काम मी वीस वर्षं करते आहे. त्या गप्प बसण्याचा अर्थ मला कुणी सांगावा लागत नाही.

"कान उपटायला हवेत तुझे," मी म्हणाले. "कशाला हात लावू नकोस. येते."

"लवकर ये. साहेबांनी पत्र लिहून ठेवलंय, माझ्या निष्काळजीपणामुळे झालं म्हणून. बाराच्या आत सही मागतायत. सही केली की नोकरी गेली, आणि या कामात पुन्हा कुणी दारात उभं करणार नाही मला."

"मग करू नकोस."

"पण मावशी," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली, "मीच केलं असेल तर?"

मी शटर पुन्हा खाली ओढलं.

२

भिंगरीचं ऑफिस पूल आणि उंच इमारती किती हलतात ते मोजतं. नदीवरच्या पादचारी पुलावर त्यांची यंत्रं दोन वर्षं बसवलेली होती. पुलाचा डोल किती, कंप किती, याची दिवसरात्र नोंद व्हायची आणि ती सगळी एका डिस्कवर जमा व्हायची. पूल चालू ठेवायचा की बंद करायचा, याची बैठक त्याच दिवशी दुपारी चारला होती.

मी पोचले तेव्हा दहाला दहा कमी होती. दारावरच्या पहारेकऱ्याने माझ्या पिशवीत कोपरापर्यंत हात घातला. इथली यंत्रं महाग, त्यामुळे आत येणारी आणि बाहेर जाणारी प्रत्येक पिशवी तो अशीच ढवळतो, साहेबांची सुद्धा. त्याचं त्याला भारी कौतुक होतं.

खोलीत तिघं होती. टेबलाच्या टोकाला साहेब, समोर पत्र आणि पत्रावर पेन. खुर्चीच्या कडेवर भिंगरी, पाय सारखा हलतोय, डोळे सुजलेले. तिच्या शेजारी एक पन्नाशीच्या बाई तिला पाण्याचा पेला देत होत्या. ही ताई. ऑफिसातली सगळ्यात जुनी इंजिनिअर. भिंगरीला काम हिनेच शिकवलं. आमच्या घरी जेवताना दर तिसऱ्या घासाला 'आमच्या ताई म्हणतात' यायचं.

"नातेवाइकांना इथे काही काम नाही," साहेब म्हणाले.

"नातेवाईक मी संध्याकाळी असते. आत्ता मी डिस्क बघणारी आहे."

"बघू द्या ना साहेब," ताई म्हणाली. "त्यांना अनुभव आहे. झालं तर भलंच होईल."

साहेबांनी मोठ्या मनाने परवानगी दिली, पण अट घातली. डिस्क एका काळ्या डबीत बसवलेली होती. त्या डबीचे स्क्रू उघडायचे नाहीत, मुख्य कार्यालयातला माणूस येईपर्यंत पुरावा जसाच्या तसा राहिला पाहिजे. आता ही असली डबी म्हणजे पडदानशीन बाई. आतल्या डिस्कचं वय काय, नंबर काय, काहीच बाहेर कळू देत नाही. पण वाद घालायला वेळ नव्हता.

"पहिल्यापासून सांग," मी भिंगरीला म्हटलं.

तिने सांगितलं ते असं. डिस्क चार टेराबाइटची, पण कुणीतरी पहिल्या दिवशी ती जुन्या पद्धतीने मांडून ठेवली होती. प्रत्येक डिस्कच्या सुरुवातीला आतल्या भागांची एक अनुक्रमणिका असते. जुन्या पद्धतीच्या अनुक्रमणिकेला दोन टेराबाइटच्या पुढे मोजताच येत नाही. म्हणजे घर चार खोल्यांचं, पण दोन खोल्यांना दारच नाही. दोन वर्षांत दार असलेल्या दोन खोल्या भरल्या आणि यंत्रांच्या नोंदी अडू लागल्या. नवी पद्धत हवी होती. सरधोपट रस्ता म्हणजे सगळं पुसायचं आणि नव्याने मांडायचं. दुसरा रस्ता नाजूक. पानांना हात लावायचा नाही, फक्त पुढची अनुक्रमणिका काढून तिथे नवी बसवायची. हाताला सवय असेल तर दहा मिनिटांचं काम.

"मी तोच रस्ता घेतला," भिंगरी म्हणाली. "पावणेपाचला झालं. वेगवेगळ्या महिन्यांच्या वीस फाइली उघडून पाहिल्या. सगळ्या ठीक. मागचे दोन टेराबाइट मोकळे दिसायला लागले, ते आज सकाळी जोडणार होते. साडेपाचला डिस्क बंद करून टेबलावर ठेवली आणि घरी गेले."

"कॉपी का नाही काढलीस?"

"नवी डिस्क मागितली होती. तीन अर्ज केले."

साहेब खिडकीबाहेर बघू लागले.

मी पत्र ओढून वाचलं. 'आज सकाळी डिस्कचे रूपांतर करताना माझ्या निष्काळजीपणामुळे…' पुढे तीन ओळी, खाली सहीची रिकामी रेघ.

मग मी माझी वायर काढली, डबी माझ्या लॅपटॉपला जोडली आणि आत पाहिलं. दोन खोल्या आणि दोन मोकळ्या, असं काही तिथे नव्हतं. चारही टेराबाइटचा एकच सलग भाग होता. नव्या पद्धतीने, अगदी नीटनेटका मांडलेला आणि रिकामा.

"मी हे असं केलेलं नाही," भिंगरी पांढरीफटक पडून म्हणाली. "निदान मला तरी तसं आठवत नाही."

३

डिस्क पुसली तरी पुसली जात नाही. माझं सगळं दुकान या एका गोष्टीवर चालतं. अनुक्रमणिका फाडली म्हणून पुस्तकाची पानं जात नाहीत. भिंगरीने चुकून सरधोपट रस्ता घेतला असता, तरी खाली तिची मोजमापं पडलेली असायला हवी होती. ती वेचून काढायची म्हणून तर मी आले होते.

मी डिस्कवर हजार ठिकाणी टोचून पाहिलं. सुरुवातीला, मध्ये, शेवटी, मनाला येईल तिथे. मांडणीपुरती थोडी खूण सोडली तर प्रत्येक ठिकाणी शून्य. दोन वर्षांच्या नोंदींमधलं एक अक्षर नाही.

सव्वादहा वाजले होते. मी उठले, खोलीतून दोन फेऱ्या मारल्या आणि साहेबांच्या कपाळावरची आठी आणखी खोल केली.

"इथली वीज कधी जाते?" मी विचारलं.

"जात नाही, घालवतात," भिंगरी म्हणाली. "वायरिंग जुनं आहे. संध्याकाळी साडेसहाला पहारेकरी मजल्याचा मुख्य खटका ओढतो, सकाळी आठला चालू करतो. या डिस्कला भिंतीतली वीज लागतेच."

एवढी मोठी डिस्क खरोखर, पान न् पान कोरं होईपर्यंत पुसायची तर किती वेळ लागतो? घाईघाईने केलं तरी साडेआठ-नऊ तास, नुसता भरलेला अर्धा भाग पुसला तरी चार. फिरणारी डिस्क आहे, तिला कितीही हाकला, ती आपल्याच चालीने चालणार. काल साडेपाच ते साडेसहा एक तास. आज आठ ते पावणेनऊ पाऊण तास. घरी नेऊन रात्रभर पुसावी म्हटलं, तर दारावर तो पिशव्या ढवळणारा बसलेला.

नऊ तासांचं काम पावणेदोन तासांत झालं नव्हतं. याचा अर्थ एकच होता. ही डिस्क कुणी पुसलेलीच नव्हती, तिच्यावर कधी काही लिहिलंच गेलं नव्हतं. माझ्यासमोर होती ती भिंगरीची डबी, पण आतली डिस्क भलतीच होती.

आणि खरी डिस्क याच इमारतीत कुठेतरी होती.

मी हे कुणालाच सांगितलं नाही. भिंगरीलासुद्धा नाही. तिच्या चेहऱ्यावर काही लपत नाही, आणि चोराला सावध करून मला उपयोग नव्हता.  भिंगरी तर टेबलावर बोटं फिरवत काल दाबलेलं एकेक बटण पुन्हा दाबून बघत होती.

४

पहिल्यांदा साहेबांना गाठलं.

"पत्रात 'आज सकाळी' लिहिलंय तुम्ही."

"मग? तिने अर्जातच लिहिलं होतं, शुक्रवारी सकाळी रूपांतर करते म्हणून. आज शुक्रवार आहे."

"ते तिने काल दुपारीच उरकलं."

"काल?" साहेबांचा चेहरा खरोखरच कोरा झाला. "मग मला कुणी सांगितलं नाही ते." लगेच सावरून म्हणाले, "काल काय नि आज काय. गेलं ते गेलं."

या माणसाला घाई होती, भीती होती, चारच्या बैठकीत आपल्यावर काही येऊ नये एवढीच तळमळ होती. डिस्क कुठल्या बाजूने उघडते हे त्याला माहीत असेल, असं मला वाटलं नाही.

मग कपाटकाका. सगळं नवं सामान यांच्या ताब्यात. वर्षभरात त्यांची नजर फार अधू झाली होती. काल बारालाच डोळ्यांच्या डॉक्टरकडे गेले ते आज नऊनंतर उगवले.

"नव्या डिस्का आहेत ना तुमच्याकडे?" मी विचारलं. "पोरीला एक दिली असतीत तर आज ही वेळ आली नसती."

"साहेबांच्या सहीशिवाय टाचणी देत नाही मी," काका फणकारले. "चार खोकी आली, चारच्या चार आहेत. सकाळी आल्याआल्या बघितलं."

"बघितलंत?"

काका हसले. "डोळ्यांनी नव्हे हो. हातांनी. रोज सकाळी एकेक वस्तू उचलतो. खोकं भरलेलं आहे की कुणी आतून काढून घेतलंय, ते हातात घेतलं की समजतं. सगळ्या ऑफिसला माहीत आहे. गेल्या वर्षी एकाने बॅटऱ्या काढून खोकी तशीच ठेवली होती, दुसऱ्या दिवशी नऊ वाजता धरला त्याला."

"आणि आज चारही भरलेली?"

"चारही. वजनाला चोख."

"कपाटाची किल्ली?"

"खिळ्याला. लपवायची कशाला? मी आहे ना."

शेवटी ताई. ती स्वतःच कॉरिडॉरमध्ये मला भेटली. डोळे तिचेही ओले होते.

"काही मिळेल का हो?"

"अवघड दिसतंय. तुम्हाला काय वाटतं, कसं झालं असेल?"

"चूक कुणाच्याही हातून होते. ती काल पळतच आली होती माझ्याकडे. 'ताई, झालं! वीस फाइली बघितल्या!' एवढी खूश होती. मी म्हटलं, जा आता घरी, दमलीस." ताईने डोळे टिपले. "लहान आहे अजून. सावरेल. तुम्ही तिला सही करून टाकायला सांगा. ताणत बसली तर चौकशी लागेल, जास्त त्रास होईल."

"आणखी कुणाला सांगितलं होतं का तिने, काम झाल्याचं?"

"नाही. तेव्हा मजल्यावर आम्ही दोघीच होतो. साहेब बाहेर गेले होते."

घड्याळात बाराला दहा कमी होती. मी खोलीत परतले तेव्हा भिंगरीच्या हातात पेन होतं.

५

"पेन ठेव," मी ओरडले. माझा आवाज मोठाच आहे. पहारेकरीसुद्धा आत डोकावला. "काका, तुमची चारही खोकी इकडे आणा."

"कशाला?" साहेब म्हणाले.

"चोर सोडून संन्याशाला फाशी देताय, म्हणून."

काकांनी खोकी आणून मांडली. मी नऊ तासांचं गणित सगळ्यांना सांगितलं. साहेबांना दोनदा सांगावं लागलं.

"म्हणजे या डबीत नवी डिस्क आहे. नवी डिस्क आली कुठून? या कपाटातून, दुसरीकडे ती नाहीच. मग एक खोकं रिकामं व्हायला हवं. पण काका सांगतात, चारही भरलेली. काकांचे हात खोटं बोलत नाहीत. ज्याने नवी डिस्क काढली, त्यालाही हे माहीत होतं. म्हणून त्याने त्या खोक्यात तेवढ्याच वजनाचं काहीतरी ठेवलं. डिस्कएवढ्या वजनाचं काय असतं, काका?"

"डिस्कच," काका पुटपुटले, आणि पहिलं खोकं उघडू लागले.

पहिल्या दोन खोक्यांत नव्याकोऱ्या, पिशवीत सील केलेल्या डिस्का निघाल्या. तिसऱ्यात पिशवी नव्हती. एक जुनी, कडेला धूळ बसलेली डिस्क मऊ कागदात गुंडाळून ठेवली होती. फार जपून गुंडाळली होती. आम्ही सकाळपासून डोक्याला हात लावून बसलो होतो आणि ती दहा पावलांवर होती. काखेत कळसा नि गावाला वळसा!

मी ती जोडली. दोन टेराबाइटचा एक भाग, मागे दोन मोकळे, आणि आत महिन्यामागून महिना, सगळ्या फाइली. भिंगरीने एक उघडली, मग दुसरी, मग तोंडावर हात ठेवला.

"पण कुणी?" साहेब म्हणाले.

"नवी डिस्क मांडताना त्या माणसाने ती नव्या पद्धतीने मांडली, भिंगरीच्या चुकीसारखी दिसावी म्हणून. म्हणजे रूपांतर झालेलं आहे हे त्याला माहीत होतं. तुम्हाला माहीत नव्हतं, साहेब. तुम्ही पत्रात 'आज सकाळी' लिहिलंत. काका काल बारालाच गेले होते. आणि डबीचे स्क्रू सोडून आतली बदलायची, नवी मांडायची, हे सगळं हाताला यायला हवं. एकच गोष्ट त्या माणसाला माहीत नव्हती, मागचे दोन टेराबाइट अजून जोडायचे राहिलेत. ते भिंगरी सांगायला विसरली. 'ताई, झालं' एवढंच तिने सांगितलं, म्हणून नव्या डिस्कवर चारही टेराबाइट एकसंध मांडले गेले."

कुणी ताईकडे बघत नव्हतं. भिंगरी तर मुळीच नाही.

"पूल सुरक्षित आहे म्हणून सही माझी आहे," ताई म्हणाली. आवाज शांत होता. "गेल्या सात महिन्यांत त्याचा डोल वाढलाय. मला वाटलं यंत्र चुकत असेल. मग वाटलं, मीच चुकले असेन. मला आजची बैठक टळायला हवी होती, एवढंच. आठवड्याभरात मी स्वतः जाऊन पुन्हा मोजणार होते, आणि डिस्कही सापडली असती मग."

"पुसून का नाही टाकलीत?" मी विचारलं.

तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं, जणू मीच काही वेडंवाकडं बोलले होते. "मोजमापं आहेत ती. पुसायची कशी?"

"आणि ही?" मी भिंगरीकडे बोट दाखवलं. माझा संताप आता आवरत नव्हता. "हिला पुसायला चाललं तुम्हाला?"

"तिचं वय काय! तिला कुठेही नोकरी मिळाली असती. मला या वयात कुणी…"

"सकाळपासून मी एकेक बटण आठवतेय, ताई," भिंगरी म्हणाली. ती पहिल्यांदाच अगदी स्थिर बसली होती. "कुठे चुकले, कुठे चुकले. आणि तुम्ही शेजारी बसून मला पाणी देत होतात."



६

चारच्या बैठकीत मोजमापं मांडली गेली. ती भिंगरीने मांडली. पाचला पुलाच्या दोन्ही टोकांना आडवे बांबू लागले आणि लोक कुरकुरत मागे फिरले. कुणाला वळसा पडल्याचा राग होता, कुणी पुलाशी उभ्या केलेल्या पहारेकऱ्याशी हुज्जत घालत होतं. ताईचं काय करायचं ते साहेबांनी ठरवायचं होतं. त्यांनी त्यासाठी समिती नेमली, म्हणजे वर्षभर तरी काही होणार नव्हतं. भिंगरीचं पत्र मात्र मी त्यांच्यासमोर फाडलं आणि तुकडे त्यांच्याच टोपलीत टाकले.

घरी जायला आम्हालाही लांबचा रस्ता घ्यावा लागला. आम्ही नदीकाठाने चालत निघालो. 

"मावशी, खरं सांगशील?"

"विचार."

"तुला वाटलं होतं ना, मीच घालवलं म्हणून?"

खोटं बोलणं सोपं होतं, आणि तिला तेच हवं असेल असंही वाटलं. पण दिवसभर तिच्याशी एवढं खोटं बोललं गेलं होतं, की त्यात माझी भर घालणं मला जमेना.

"हो," मी म्हणाले. "सव्वादहापर्यंत. ते शून्य बघेपर्यंत."

तिने मान हलवली. रागावली नाही.

"मला तर ती डिस्क खोक्यातून बाहेर येईपर्यंत वाटत होतं," ती म्हणाली. "एवढंच नाही. दुपारपर्यंत मला ते आठवायलाही लागलं होतं. चुकीचं बटण कुठलं, ते मी कसं दाबलं, बोट कुठे होतं, सगळं. मी दाबलंच नव्हतं ना गं ते? तरी मला आठवतंय. आत्ताही आठवतंय."

मेलेल्या डिस्कमधून मी काय वाट्टेल ते बाहेर काढून देते, पण न घडलेलं कुणाच्या डोक्यातून पुसायचं कसं ते मला येत नाही. मी तिचा हात घट्ट धरला आणि आम्ही चालत राहिलो.